टरफलखाला

आमच्या उमरग्यात हैदराबादेहून कुणी बडा साहेब दौऱ्यावर आला की सारं गाव दारं ओढून बसायचं. लेव्हीच्या सक्तीच्या धान्यासाठी आता कुणाच्या कणग्या उपसल्या जातात या काळजीनं माणसांच्या तोंडचं पाणी पळायचं. खूश व्हायची ती एकटी टरफलखाला. "साहेब जुलमी का असंना, नाश्ता तर करील," असं म्हणून ती नवऱ्याला डाकबंगल्यावर पिटाळायची. नवरा कचेरीत चपराशी. तो बिचारा खानसाम्याकडून ऑम्लेटच्या अंड्यांची टरफलं मागून घ्यायचा आणि स्वतःच्या तुर्की टोपीत भरून, बोडक्या डोक्यानं भरबाजारातून घरी यायचा.

खाला म्हणजे मावशी; तिचं खरं नाव आम्हा पोरांना कधी कळलंच नाही. आमचा वाणीगल्लीतला शेजार लिंगायतांचा. अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणारी माणसं. त्यात हे एकच मुसलमान घर, भिंतीला भिंत लागून. पण तिच्या परसातली वांगी आणि राजगिरा गल्लीतल्या एकूण एक घरात शिजायचा. झाडांच्या बुडाशी काय घातलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नव्हतं. "झाडाला सोवळं नसतं," खाला म्हणायची. "आन झाडाचं खाणाऱ्याला इचारायचं नसतं."

टरफलांचं तिचं शास्त्र कडक होतं. आधी धुवायची, मग तव्यावर भाजायची, मग खलबत्त्यात कुटून मलमलीतून चाळायची. हे शास्त्र तिला तिच्या कोंबड्यांनी शिकवलं होतं. एकदा आळस करून तिनं कच्ची टरफलं तशीच त्यांच्यापुढं टाकली. कोंबड्यांना चव लागली आणि त्या आपलीच अंडी फोडून खायला लागल्या. खाला आठवडाभर खुराड्यासमोर बसून त्यांना शिव्या घालत होती. "आपलीच औलाद खाता व्हय गं? तुमाला दोजखात बी जागा मिळायची न्हाय." तेव्हापासून तिचा नियम झाला की पुडीत अंड्याची आठवणसुद्धा राहता कामा नये.

ही पूड ती झाडांना घालायची, कोंबड्यांना घालायची, नवऱ्याच्या डाळीत घालायची आणि चिमूटभर लिंबाच्या रसात कालवून स्वतः चाटायची. साठीला आली तरी बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. पैज लावून ती दातानं सुपारी फोडायची, आणि पैज नसली तरी फोडायची.

त्या साली माझी आत्या दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्या खेपेपासूनच तिच्या पायातलं बळ गेलेलं. भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची, तेवढ्यात घामाघूम व्हायची. मुलगा झाला, छान गुटगुटीत झाला, पण आत्याला उभंच राहता येईना. माकणीहून तिच्या सासूचा निरोप आला, "पायानं चालत येणार असंल तर पाठवा. खाटंवर घालून आणू नका. आमी दुसरी बघू." निरोप ऐकून वडील जेवले नाहीत. आत्या भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

खाला पुडी घेऊन आली. हळूच भाकरीत मिसळली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ती उंबऱ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "बाई, ह्ये अंड्याचं टरफल हाय. हाडाला लई चांगलं. फसवून दिलेली दवा लागत न्हाय, म्हून सांगून देते."

"मरीन, पण खायची न्हाय," आत्या म्हणाली.

"मरायची घाई नक्को. ठेवून जाते." पुडी ओट्यावर ठेवून खाला गेली. फेकावी तर खालाचं मन मोडतं, आणि घरात घ्यावी तर घर बाटतं. शेवटी आईनं दोन बोटांत धरून ती दाराजवळच्या कोनाड्यात सरकवली.

सोमवारी आमच्या मठाचे स्वामी घरी आले. पाद्यपूजा झाली. त्यांनी विभूतीसाठी कोनाड्याकडं हात नेला, हाताला लागली ती पुडी उघडली, ओली बोटं तिच्यात बुडवली आणि स्वतःच्या कपाळावर तीन पट्टे ओढले. आईचा चेहरा पांढराफटक पडला. वडील तुळईकडं बघत राहिले. स्वामींनी तेच पट्टे वडिलांना लावले, मला लावले, तान्ह्याला लावले. "विभूती लई शुभ्र हाय. कुठनं आणली?" त्यांनी विचारलं. मला तर हसू आवरेना म्हणून मी पदर नसतानाही पदर तोंडात कोंबायला बघत होते.

तेवढ्यात ताक मागायला आलेली खाला दारात थबकली. "स्वामी, थांबा. त्ये टरफल हाय. अंड्याचं. माज्या घरचं."

स्वामींनी बोटांकडं पाहिलं. "भाजलंय?"

"हौ."

"कुटलंय?"

"हौ. मलमलीतनं चाळलंय."

"मग अंडं कुठं ऱ्हायलं? शेणाची विभूती लावतो तवा शेणाची चौकशी करतो का आपण?" असं म्हणून त्यांनी चिमूटभर पूड आत्याच्या तळहातावर ठेवली. "परसाद हाय. घे."

आत्यानं डोळे मिटून खाल्ली. "कचकच लागतंय," ती म्हणाली.

"हाडं कचकच वाजण्यापरीस बरं," खाला म्हणाली, आणि सगळ्यात आधी स्वामीच हसले.

गुण पुडीचा, राजगिऱ्याचा, उन्हात बसवण्याचा की स्वामींच्या हाताचा, मला माहीत नाही. खालाला माहीत होतं आणि ती ते गल्लीभर सांगत फिरली. दिवाळीनंतर आत्या माकणीला गेली. वेशीवर गाडीतून उतरली आणि सासूच्या डोळ्यांदेखत घरापर्यंत चालत गेली.

पुढं निजामाचं राज्य गेलं. गावातली हवा मुसलमान घरांसाठी फार वाईट झाली. खालाच्या नवऱ्याची नोकरी सुटली आणि दोघांनी हैदराबादेला भावाकडं जायचं ठरवलं. ज्या दिवशी त्यांची गाडी जुंपली, त्या दिवशी तिचा राजगिरा खाल्लेल्या गल्लीत एकही दार उघडलं नाही. भीती होती, हे खरं आहे. आमचंही दार बंदच होतं. आत्या तेव्हा माहेरी होती. तिनं पोराला कडेवर घेतलं, कडी काढली आणि कुणाला न विचारता गाडीच्या चाकाशेजारून चालायला लागली.

"बाई, माघारी फिरा. पाय दुखतील," खाला गाडीतून म्हणाली.

"दुखू द्या. तुमीच उभे केल्यात," आत्या म्हणाली.

हे आम्ही दाराच्या फटीतून ऐकलं. मग वडील उठले आणि चपला न घालताच तिच्या मागं गेले.