तांबोळीमामींचा राग

पौडच्या बाजारपेठेत तांबोळीमामींचं शिलाईचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेलं आणि मामी लांब मुलीकडे राहायला गेल्या. त्या दुकानात गिऱ्हाइकाने चपला बाहेर काढायच्या, आत येऊन आधी जमिनीवर बसायचं आणि मगच तोंड उघडायचं. बिल्डरची बायको असो की तलाठ्याची, उभ्या माणसाशी मामी बोलतच नसत. पहिल्या दिवशी मी कापड हातात घेऊन उभीच राहिले, तर तोंडातल्या टाचण्या न काढताच त्या खेकसल्या, "खाली बसा आदी! वरनं वाकून बघू नगा. त्यास्नी घार आल्यागत वाटतंय." तेव्हा कुठे माझं लक्ष मशीनखाली गेलं. दोन ससे माझ्याकडे बघत होते.

मामींचं मशीन पायाचंच होतं. "मोटर बसवली की वायर आली, अन वायर कुरतडली की ही दोगं मरत्याली," असं त्या सांगत. ससे दुकानभर मोकळे फिरत. कोपऱ्यात एका घमेल्यात त्यांची शी-शू, आणि शेजारी पत्र्यावर वाळवलेल्या गवताचा मोठा भारा. कुणी कौतुकाने गाजर आणलं की मामी भडकत. "गाजर गोड आस्तंय. तुमी रोज पेढं खाऊन जगता व्हय? त्याला गवत पायजे, रातंदिस. न्हाईतर दात वाढत्यात, पोट बंद पडतंय." एका मास्तरांनी लाडाने ससा कानाला धरून उचलला, तेव्हा मामींनी भर दुकानात विचारलं होतं, "मास्तर, तुमास्नी आसं उचलू का?"

मला तेव्हा हे सगळं अतीच वाटायचं. आमच्याकडेही ससा होता, पण ते मी मामींना सांगितलं नव्हतं. भुकूमच्या आमच्या सोसायटीत एका वाढदिवसाला पंधरा मुलांना रिटर्न गिफ्ट म्हणून ससे वाटले होते. हो, ससे! फीत बांधलेल्या पिंजऱ्यांतून. हे लिहितानाही माझा संताप होतो, त्या लोकांचा आणि हसत हसत तो पिंजरा घरी आणणाऱ्या माझाही. पंधरातले किती जगले, कुणी कुणाला विचारलं नाही. माझ्या मुलीने, ईराने, आमच्या सशाचं नाव कोको ठेवलं. कोको सात महिने बाल्कनीत, जाळीच्या पिंजऱ्यात, एकटा होता. खायला बिस्किटं, पोळी आणि गाजर.

मग पावसाळ्यातली ती संकष्टी आली. कोकोने आदल्या रात्रीपासून कशालाच तोंड लावलं नव्हतं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगं, उपास धरलाय बघ बाळाने!" त्याचे दात बारीक कटकट वाजत होते. "जपही चाललाय," त्याच म्हणाल्या. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि लोकांनी भराभर जोडलेले हात पाठवले. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. आज साफसफाई वाचली म्हणून मी खूषच झाले होते.

दुपारी मामी ब्लाउज द्यायला पहिल्यांदाच आमच्या घरी आल्या. मी हौसेने त्यांना उपासाचा ससा दाखवला. त्या खाली बसल्या आणि पिंजऱ्यात हात घालून त्याचं पोट चाचपू लागल्या.

"कवापासनं खाल्लं न्हाई ह्यानं?"

"काल रात्रीपासून. संकष्टी आहे ना आज," मी हसत म्हणाले.

"सशाला कसली संकष्टी? दुखतंय म्हणून दात खातोय त्यो! पोट दगड झालंय. उद्यापातूर मेला आस्ता, अन तुमी फोटू काढत बसला आस्ता!"

"अहो, असं काय बोलता?" सासूबाई दुखावल्या.

"आजी, माझ्यावर मागनं रागवा. आदी रिक्षा बोलवा." मग बाल्कनीतून बाहेर बोट दाखवत त्या माझ्याकडे वळल्या. "समोर गुडघाभर गवत उगवलंय. मुळशीत ऱ्हाऊन सशाला बिस्कुटं चारताय? लाज कशी वाटत न्हाई वो?"

ससे बघणारे डॉक्टर पुण्यात होते. कोकोला पदरात गुंडाळून मामी निघाल्या, मी मागोमाग. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि पातळ खाणं थोडं थोडं पिचकारीने भरवायला सांगितलं. मी कोकोला घ्यायला हात पुढे केला, तर मामींनी तो बाजूला सारला. "माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमास्नी जमायचं न्हाई." मला ते फार लागलं.

दहा दिवसांनी निरोप आला, कोको पोटभर गवत खातोय. ईराला आणि एक नवा, मोठा पिंजरा घेऊन मी पौडला गेले. मामींनी आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"न्हाई देणार."

आता मीही चिडले. "मामी, तुमचे उपकार आहेत, पण ससा आमचा आहे. तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?"

तेवढ्यात मशीनमागून कोको सुसाट धावत आला. मधेच हवेत उंच उडाला, अंग पिळवटून त्याने पाय झाडले, खाली आला आणि पुन्हा उडाला.

"आई, त्याला झटका आला!" ईरा किंचाळली. मी त्याला धरायला धावले, तर मामींनी माझं मनगट पकडलं. मी त्यांना ओळखत होते तेवढ्या काळात एवढ्या हळू आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"झटका न्हाई, ताई. खुशीत आला की ससा आसाच उडतोय. सात महिन्यांत कदी बघितलं न्हाई व्हय?"

ईराने खरं सांगितलं.

"नाही," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही."