भोपळ्याची मलमपट्टी

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली पट्टीवाले म्हणते. अडतीस वर्षं ते इस्पितळात ड्रेसर होते. जखम धुवायची, सडलेलं कापायचं, पट्टी बांधायची. हात इतका हलका की रुग्ण डॉक्टरांना सोडून यांनाच शोधत यायचे. निवृत्त झाले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. एक दिवस नव्हे, अख्खं वर्ष. त्या भिंतीचे पोपडे त्यांना तोंडपाठ झाले असतील.

मग कुठल्याशा प्रदर्शनातून त्यांनी राक्षसी भोपळ्याचं बी आणलं आणि माणूस उठला. मागच्या अंगणात वाफा केला. पहिल्या वर्षी वेल बुडाशी कुजून गेला, दुसऱ्या वर्षीही तेच. बहीण सगळ्यांसमोर हसून म्हणायची, "दोन वर्षं भोपळा लावला आणि हाती आला भोपळाच!" पण स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ताई, यंदाचाही गेला तर हे पुन्हा भिंतीकडे बसतील. मला ती पाठ पुन्हा बघवणार नाही."

यंदाचा भोपळा मात्र असा फुगला की एक फीत पुरेना. बहिणीने शिवणाच्या दोन फिती जोडून दिल्या. रोज सकाळी माप. रोज चार बोटं वाढ.

आणि एका सकाळी मनगटाएवढ्या खोडाच्या बुडाशी तपकिरी डाग दिसला. त्यातून डिंकासारखा चिकट रस गळत होता.

पट्टीवाल्यांनी चाकू उकळला. कुजकं कोरून हिरव्या भागापर्यंत साफ केलं, वर बुरशीनाशक पूड भुरभुरली. इथवर उत्तम. मग त्यांनी कापूस ठेवला आणि वर गॉजची पट्टी गुंडाळली. चार वेढे, शेवटी सुबक गाठ.

"भावजी, हे काय?" मी विचारलं. "खोड कोरडं राहायला हवं, वारा लागायला हवा. हवा आधीच दमट. आत ओल धरेल."

"ताई, उघडी जखम मी आयुष्यात सोडली नाही."

"हा माणसाचा पाय नाही. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे."

"पन्नास वर्षांपूर्वीची."

"बुरशी तेव्हाचीच आहे!"

"रुग्णाच्या नातेवाइकांनी बाहेर थांबावं," ते म्हणाले आणि पट्टीवर हलकेच थोपटलं.

माझंच चुकलं. मी ती पट्टी तेव्हाच ओरबाडून काढायला हवी होती. पण माणूस तीन वर्षांनी शीळ घालत होता, म्हणून जीभ आवरली.

चौथ्या दिवशी अंगणात वास सुटला. त्यांनी पट्टी सोडली आणि आम्ही तिघंही मागे सरलो. आत खोड नव्हतंच. तपकिरी लगदा होता आणि त्याला धरून दोन-चार हिरवे दोरे. पट्टीवाल्यांचा चेहरा पांढराफटक. अडतीस वर्षांत त्यांच्या पट्टीखाली असं काही निघालं नव्हतं.

"मी बांधलं," ते म्हणाले. "मीच बांधून सडवलं."

मग त्यांनी चाकू उचलला आणि आम्ही काही बोलायच्या आत सबंध खोड मुळापासून तोडलं.

"अहो!" बहीण किंचाळली. मीही.

"सड वर चढायच्या आत पाय कापावा लागतो," ते म्हणाले. चाकू पुसला आणि आत गेले. मूळ एकीकडे, पंधरा हात वेल आणि तो अगडबंब भोपळा दुसरीकडे. संध्याकाळपर्यंत पानं माना टाकणार, मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी पानं ताठ. दुसऱ्या दिवशीही ताठ. मी चष्मा पुसून पाहिलं. शेवटी कंबर धरून वाकले आणि वेलाला बोट लावून हलवलं. हलेना! पानांआड जागोजागी पेरांवर मातीचे छोटे ढीग होते आणि उकरून पाहिलं तर खाली पेरांना फुटलेली पांढरी, जाडजूड मुळं.

"ही माती कोणी घातली?"

बहीण पदराशी चाळा करू लागली. "मी. कपडे वाळत घालायला जाताना पाय अडकून दोनदा पडले. म्हणून पेरापेरावर माती दाबली, वेल उचलला जाऊ नये म्हणून. यांना सांगू नकोस. वेलाला घाण लागू द्यायची नाही, असं त्यांनी बजावलंय. रोज ओल्या फडक्याने भोपळा नि वरची पानं पुसतात."

मी तिथेच पायरीवर बसले. मला पदवी, त्यांना अडतीस वर्षांचा अनुभव, आणि वेल जगवला तो हिच्या ठेचकाळण्याने!

मी सांगितलंच. अशी गोष्ट पोटात ठेवणारी मी नव्हे. पट्टीवाल्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या सकाळी तिघांनी मिळून फीत लावली. त्यांनी आकडा वाचला, फीत सोडली, पुन्हा लावली.

"दोन बोटं," ते म्हणाले. "वाढलाय."

एवढं बोलून उठले आणि घरात गेले. आतून खुर्ची सरकवल्याचा कर्र आवाज आला. बहिणीने माझा दंड असा धरला की नखं रुतली. काय म्हणावं या माणसाला, भोपळा वाढला तरी भिंतच?

खुर्ची दारातून बाहेर आली, मागून ते. त्यांनी ती वाफ्यापाशी मांडली आणि बायकोला म्हणाले, "बस इथे. आणि कुठे माती घातलीस, कुठे राहिली, नीट सांग. फावडं माझ्याकडे."