रत्नाबाईच्या दारात

क्षमा सगळ्यांना मिळते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या सगळ्यांत मी नाही, अशी पाच वर्षं माझी पक्की खात्री होती.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत सुपरवायझर होतो. कपाशीच्या बीजोत्पादनात बायका संध्याकाळी कळ्या सोलतात आणि सकाळी त्यांवर नराच्या फुलाचे पराग घासतात. या क्रॉसिंगची मुदत संपली की नंतर येणारी प्रत्येक कळी तोडून टाकावी लागते, नाहीतर बियाण्यात भेसळ होते. भोकरदनजवळच्या एका प्लॉटवर ही तोडणी मी अर्ध्यात थांबवली, कारण मला मेहुण्याच्या लग्नाला जायचं होतं. बियाणं चाचणीत नापास झालं, तेव्हा सगळं खापर मी टोळीची मुकादम रत्नाबाई हिच्यावर फोडलं. ती आमच्याच चर्चच्या मंडळीतली. तिनं पाळकांकडे दाद मागितली. वडीलजनांसमोर मी पवित्र शास्त्रावर हात ठेवून धडधडीत खोटं बोललो आणि त्याच रविवारी प्रभुभोजनाची भाकरही घेतली, जी मनात पाप लपवून घ्यायची नसते. कोणी मला अडवलं नाही, याचीच मला भीती वाटली.

रत्नाबाईचं काम गेलं आणि ती अंकुशनगरला भावाकडे राहायला गेली. मी चर्चमध्ये जाणं सोडलं. विश्वासात येऊन जो मागे फिरतो त्याला पुन्हा पश्चात्तापाकडे वळवणं अशक्य, असं एका उपदेशात ऐकलं होतं. ते आपल्यासाठीच आहे असं मी धरून चाललो. बायको मुलांना घेऊन आत जायची, मी बाहेर मोटारसायकलपाशी उभा. कोणी विचारलं तर सांगायचो, चेन ढिली झालीय. पाच वर्षं माझी चेन ढिलीच होती. एकटा असलो की मात्र प्रार्थनेचे शब्द ओठांवर यायचे आणि मी ते गिळून टाकायचो.

गेल्या हंगामात अंबडकडे प्लॉट बघायला गेलो आणि गाडी खरोखरच बंद पडली. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या एका अनोळखी माणसानं गाडी ट्रॉलीत चढवली आणि मला अंकुशनगरच्या एका दारासमोर उतरवलं. "इथला मिस्तरी जल्दी करून देईल," म्हणाला आणि निघून गेला. दारात रत्नाबाई उभी होती. मिस्तरी तिचाच भाऊ. हा योगायोग की आणखी काही, यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

"आत या सायब, ऊन हाय," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो हातात घेतला आणि मला रडू फुटलं.

"रत्नाबाई, ते मीच केल्तं. मला आता माफी न्हाई."

तिनं माझ्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला. मग म्हणाली, "राग तर लई आल्ता, अजून बी येऊन राह्यला. पण माफी हाय का न्हाई, हे तुम्ही कोण ठरवनार? प्रभूनं सोडलं असतं तर तुम्हाला रडू कशाला आलं असतं? रविवारी मी येते. समद्यांसमोर बराबर सांगा. मंग बघू."

आधी मी ऑफिसात खरं काय ते लिहून दिलं. पद गेलं, नोकरी राहिली, आणि रत्नाबाईला टोळी परत मिळाली. रविवारी मी मंडळीसमोर उभा राहिलो आणि काही न लपवता सारं सांगितलं. आमच्याकडे अशा वेळी ज्याचा अपराध केला त्यालाच पहिल्यांदा विचारतात. पाळकांनी विचारलं, "रत्नाबाई, तुम्ही याला स्वीकारता?" तेवढ्या वेळात मी माझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही शोधलं, काहीच सापडलं नाही. शरण जाणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. स्वतःवरचा निकालही आपण द्यायचा नसतो.

"स्वीकारते," ती खणखणीत म्हणाली. "आता ह्याला भाऊ म्हना."

सगळी मंडळी उठून उभी राहिली आणि कोणीतरी स्तुतिगीत सुरू केलं. पाच वर्षांचं गाणं माझ्या छातीत साठलं होतं. मी इतक्या मोठ्यानं गायलो की बायकोनं मला कोपरानं ढोसलं, आणि मग तीही तितक्याच मोठ्यानं गाऊ लागली.