दाराबाहेरच्या चपला

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपमध्ये कोणाचं जमलं की एकच प्रश्न असायचा, सिरियस आहे का? नाही म्हटलं की विषय संपला. मीही स्वतःला भलताच मोकळ्या विचारांचा समजत होतो. वर्गातल्या एका मुलीशी माझं जमलं तेव्हा तिनेच आधी सांगितलं, लग्नाबिग्नाचं बोलायचं नाही, आवडतंय तोवर भेटू. माझं आयतंच फावलं.

गणपतीला घरचे सगळे गावाला गेले. मी परीक्षेचं कारण काढून बोरिवलीतच राहिलो. ती तीन दुपारी घरी आली. आमच्या मजल्यावर चपला दाराबाहेर काढतात, म्हणून मी तिला त्या उचलून आत आणायला लावायचो. तिला हसू यायचं. तिसऱ्या दिवशी ती विसरली, आणि नेमक्या समोरच्या काकू गौरीचा प्रसाद घेऊन आल्या. त्यांनी चपला बघितल्या, मग तिला बघितलं. आणि तिच्याही हातावर प्रसाद ठेवला.

घरचे परतल्यावर आईच्या कानावर गेलंच. तिने काकूंसमोरच मला फैलावर घेतलं. दोघांच्या मर्जीने भेटत होतो, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "तीच मागे लागलीय गं. मी काय करू?"

आईचा राग उतरला. हल्लीच्या मुलींना नावं ठेवत तिने मला पान वाढलं आणि मी दोनदा भात मागून घेतला. त्या भाताची मला आजही लाज वाटते. त्या मुलीला यातलं काहीच कळलं नाही. परीक्षा झाल्यावर आमचं भेटणंही थांबलं.

चार वर्षांनी एका रविवारी काकू मोबाइल घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या भाच्याला स्थळ सांगून आलं होतं. त्याला मुलगी पसंत होती. फोटोत ती होती.

"ही तीच ना रे? तू तेव्हा तसं म्हणाला होतास, म्हणून विचारते. कशी आहे मुलगी?"

आई गवार मोडता मोडता थांबली. चांगली आहे, खोटं मी बोललो होतो, एवढी दोनच वाक्यं बोलायची होती.

"फारशी ओळख नव्हती, काकू," मी म्हणालो.

काकूंनी समजून मान हलवली आणि तिथूनच भाच्याला फोन लावला.

"नको रे ती. मी चौकशी केली."