कोऱ्या रकान्यातला बी पॉझिटिव्ह

“डेमो थांबवा,” मेश्राम मॅडम म्हणाल्या, आणि माझी बोटं की-बोर्डवर होती तिथेच राहिली.

समोर हॉस्पिटलचे ट्रस्टी बसले होते. त्यांच्या शेजारी लॅबचे प्रमुख डॉ. आपटे आणि आमचे मालक कुलकर्णी साहेब. साहेबांची कंपनी म्हणजे कोथरूडमधला एक फ्लॅट, सर्व्हर स्वयंपाकघराच्या ओट्यावर. नव्वदीची मधली वर्षं होती. अशा कंपन्या गल्लोगल्ली निघत होत्या आणि बऱ्याचशा बंदही पडत होत्या. ही ऑर्डर हातची गेली असती तर आमचाही नंबर लागला असता. मॅडम आमच्या प्रोजेक्ट लीडर, त्यांना हे आमच्याहून चांगलं ठाऊक होतं.

तोवर आमच्या पेशंट-नोंदीच्या प्रोग्रॅमचा डेमो झकास चालला होता. सकाळपासून हॉस्पिटलचे खरे पेशंट त्यात भरले होते. नंबर टाकला की नाव, वॉर्ड, रक्तगट स्क्रीनवर. ट्रस्टी माना डोलावत होते. मग मी पुढचा पेशंट काढला. वाघोलीजवळ अपघातात सापडलेला, बेशुद्ध. स्क्रीनवर आलं, ‘अनोळखी पुरुष, कॅज्युअल्टी, बी पॉझिटिव्ह’. तेव्हाच मॅडम बोलल्या.

“काय झालं आता?” साहेबांनी दात आवळून विचारलं.

“सर, याची एंट्री माझ्यासमोर झाली. सिस्टरनी रक्तगट कोरा सोडला होता. तपासणी झालेलीच नाही.”

डॉ. आपट्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “सॅम्पल अजून माझ्या लॅबमध्ये यायचंय, आणि तुमच्या कॉम्प्युटरकडे रिपोर्ट तयार? वा! मग आम्ही उद्यापासून घरी बसतो.”

“किरकोळ आहे हो, डॉक्टर,” साहेब घाईघाईने म्हणाले. “आपण पुढचा पेशंट बघू या.”

“किरकोळ नाही, सर. प्रोग्रॅम चुकतोय,” मॅडम म्हणाल्या. “आणि हा भाग मी लिहिलाय.”

मी साहेबांकडे बघायचं टाळलं.

चूक काय होती ते सांगतो. आमचा प्रोग्रॅम सी भाषेत होता आणि माहिती डेटाबेसमध्ये. डेटाबेसशी बोलायचं तर एसक्यूएलमध्ये. म्हणून सी प्रोग्रॅमच्या मध्येच एसक्यूएलची कमांड लिहायची आणि तिच्यात सीचे व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचे कप्पे, द्यायचे, प्रत्येकापुढे कोलन लावून. त्यांना होस्ट व्हेरिएबल म्हणतात. एकातून पेशंटचा नंबर आत जातो, दुसऱ्यातून रक्तगट बाहेर येतो. शेजारी साखरेसाठी वाटी पाठवावी तसंच. पण शेजाऱ्यांकडे साखर नसली तर वाटी गेली तशी परत येते, आणि तिच्या तळाशी आधीचं मीठ असेल तर ते मीठच येतं. इथे रकाना कोरा होता, त्यामुळे व्हेरिएबलला कोणी हातच लावला नाही. त्यात आधीच्या पेशंटचा बी पॉझिटिव्ह तसाच बसून होता. आमच्या सेटिंगमध्ये साधा एररही यायचा नाही.

यावर उपाय असतो. होस्ट व्हेरिएबलच्या जोडीला एक छोटा इंडिकेटर व्हेरिएबल द्यायचा. रकाना कोरा असला की त्यात उणे एक येतं, म्हणजे ‘इथे काही नाही, आधीचं वाचू नका’. मॅडमनी हे सगळं ट्रस्टींना तिथेच उभ्या उभ्या समजावलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

“रक्त देण्याआधी आम्ही क्रॉसमॅच करतो, पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघतो,” डॉ. आपटे म्हणाले. “पण गडबडीत माणूस स्क्रीनवर विश्वास ठेवतो. चुकीचं रक्त चढलं तर पेशंट हातचा जातो.”

“मग हे आम्ही घ्यायचं कशाला?” एका ट्रस्टींनी विचारलं.

“आज घेऊ नका,” मॅडम म्हणाल्या.

परतताना रिक्षात साहेब म्हणाले, “मॅडम, ऑर्डर गेली तर कंपनी बंद करावी लागेल मला.”

“आम्ही दुसरीकडे नोकरी शोधू, सर. त्या पेशंटने काय शोधायचं?”

संध्याकाळी डॉ. आपट्यांचा फोन आला. साहेबांनी स्पीकर लावला. “तुमच्या त्या अनोळखी माणसाचा रिपोर्ट आलाय. ओ पॉझिटिव्ह. त्याला बीचं रक्त दिलं असतं तर... असो. त्या बाईंना म्हणावं, दुरुस्त करून आणा. आम्ही थांबतो.”

मॅडमनी फक्त रक्तगटाचीच कमांड दुरुस्त केली असं नाही. डेटाबेसमधून माहिती वाचणाऱ्या सगळ्या कमांड तपासल्या, ॲलर्जीपासून वॉर्डपर्यंत. आम्हाला प्रत्येकाला अर्धवट माहितीचे पेशंट भरायला लावले, आणि प्रत्येक स्क्रीन स्वतः बघितली.

पुढच्या डेमोला डॉ. आपट्यांनी स्वतः एक पेशंट भरला आणि मुद्दाम रक्तगट सोडून दिला. स्क्रीनवर आलं, ‘रक्तगट: माहीत नाही’. त्यांनी ते दोनदा वाचलं. “इतक्या कंपन्या येऊन गेल्या,” ते म्हणाले, “पण माहीत नाही म्हणणारी हीच पहिली.”

ऑर्डर मिळाली. पुढे साहेब प्रत्येक क्लायंटला हा किस्सा सांगायचे, डेमो जणू त्यांनीच थांबवला होता. मॅडम बाजूला बसून शांतपणे चहा प्यायच्या.

नंतर मी बऱ्याच मोठ्या कंपन्यांत काम केलं. इंडिकेटर व्हेरिएबल कितीतरी जणांना शिकवला, अर्ध्या तासात येतो. क्लायंटला तोंडावर ‘आज घेऊ नका’ म्हणणारं मात्र मला पुन्हा कोणी भेटलं नाही.