कमानीबाहेरच्या आजी

जपानातल्या त्या जुन्या शिंटो देवळाचा वसंतोत्सव वर्षातून एकदाच असतो, आणि माझं परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी होतं. नेमका उत्सवाच्या सकाळी फुलंब्रीहून जाऊबाईंचा फोन आला. चुलत दीर गेले. बरेच दिवस अंथरुणावरच होते. "दहा दिवस देवाला शिवायचं नाय बरं," जाऊबाईंनी बजावलं.

लेक जपानातच नोकरीला आहे. ती म्हणाली, "आई, इथं कोण बघतंय?"

मी साडी नेसून निघाले. शेजारच्या जपानी आजी देऊळ दाखवणार होत्या, पण लाल लाकडी कमानीपाशी त्या थबकल्या. लेकीनं सांगितलं, "त्यांचा भाऊ वारलाय. दिवस पुरे होईपर्यंत त्या आत येत नाहीत."

म्हणजे यांच्यातही सुतक! आता मला गप्प बसवेना. "माझंही विचार."

आजींनी नातं विचारलं, बोटांवर मोजलं आणि मान हलवली. लेक म्हणाली, "नवऱ्याचा चुलत भाऊ म्हणजे लांबचं नातं, धरत नाहीत म्हणतात."

"लांबचं? एका ताटात जेवलेत दोघं!"

"हे आता जपानीत सांगू?"

मी विचार केला, देव यांचा, देऊळ यांचं, तर विटाळही यांच्याच नियमानं. पदर खोचला. तेवढ्यात आजींनी काम सांगितलं. पालखी आवारातच फिरते. तिचा पुढचा उजवा दांडा वर्षानुवर्षं त्यांच्या भावाच्या खांद्यावर असायचा. यंदा कोण आहे, ते बघून या.

आत हौदावर हात-तोंड धुतात. मी सवयीनं ते पाणी तीर्थ म्हणून प्याले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मागचे लोक बघतच राहिले. गर्दीतून वाट काढत पालखीजवळ गेले. उजव्या दांड्याला एक ठेंगणी तरुणी होती, आणि पालखी सारखी तिच्याकडं कलत होती.

बाहेर येऊन मी हातानं पालखी कशी कलली, ते करून दाखवलं. आजींनी विचारलं, "बरीच?"

"बरीच."

"भाऊ उंच होता," त्या म्हणाल्या. "गुडघे वाकवून चालायचा. कधी कलू दिली नाही." आणि हे मला नीट कळलं का, म्हणून त्यांनी लेकीला पुन्हा एकदा सांगायला लावलं.