हिंगाच्या धुरीतली काळी बिअर

मी तोवर दारूच्या थेंबालाही न शिवलेली बाई. तरी सिंगापुरातल्या यिशुनच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक बादलीभर बिअर मी एकटीने सांभाळली, बाटल्यांत भरली आणि मुरवली. नव्वदच्या दशकातली, माझ्या लग्नानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. बिअर म्हटलेलं नवऱ्याला खपायचं नाही. ही डार्क एल आहे, काळी, दाट, भाजक्या धान्याच्या चवीची, असं तो मला दर वेळी समजावून सांगायचा. मला दोन्ही सारख्याच. मी बिअरच म्हणायचे.

नवरा जहाजावर इंजिनियर. कंपनी सिंगापूरची. त्याचं जहाज महिन्या-दीड महिन्याने सिंगापूरला लागायचं, म्हणून त्याने मला पटवलं की तू पुण्यात राहिलीस तर वर्षातून एकदा भेटू, इथे राहिलीस तर येता-जाता भेटू. हिशोब चोख होता. मी शाळेतली नोकरी सोडली, डिपेंडंट पासवर इथे आले, आम्ही फ्लॅट भाड्याने घेतला, आणि कंपनीने ते जहाज उचलून ऑस्ट्रेलिया-जपानच्या फेऱ्यांना लावलं. आता ते सिंगापूरच्या वाटेवरसुद्धा नव्हतं.

त्या पासवर मला नोकरी करता येत नव्हती. मूल नव्हतं. शेजारची चिनी आँटी लिफ्टमध्ये गोड हसायची, पण माझं इंग्रजी तिला कळत नसे आणि तिची भाषा मला. सकाळी मार्केटमध्ये भाजीवाल्याला बोटाने दाखवलं की काम भागायचं. काही दिवस तर असे जात की संध्याकाळ झाली तरी मी तोंडातून एक शब्द काढलेला नसे. मग आवाज शाबूत आहे का ते बघायला मी मोठ्याने पाढे म्हणायचे. शिक्षिकेची खोड. एकोणतीसचा पाढा मला फार आवडतो, त्यात जरा डोकं चालवावं लागतं.

नवऱ्याबद्दल एक सांगायला हवं. खोट काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आमटीत चिंच जास्त, पोळीची कड जाड, भात दोन मिनिटं आधी उतरवायला हवा होता. मी कुरकुरत ऐकून घ्यायचे, कधी कधी ताटही आपटायचे. पण तो समुद्रावर गेला की घरात कोणी खोट काढत नाही याचंच मला रडू यायचं.

त्या डिसेंबरात तो सुट्टीवर आला तो ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा बंदरातून बिअरचं किट घेऊन. डब्यात काकवीसारखा काळा चिकट पाक, झाकणाखाली यीस्टची पुडी, नळ बसवलेली पांढरी बादली, बाटल्यांना बुचं ठोकायचं एक हत्यार. घरी असलं काही करायला सिंगापुरात तेव्हा परवानगी नव्हती. मी तसं म्हटलं तर म्हणाला, कोण येतंय बघायला. तेवढं मात्र खरं होतं, आमच्याकडे कोणी येत नसे. त्याने पाक गरम पाण्यात विरघळवला, साखरेच्या जागी इथला ताडगूळ, म्हणजे गुला मलाका, घातला, गार पाणी ओतून बादली भरली आणि वर यीस्ट भुरभुरलं. इतकं मन लावून काही करताना त्याला मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

ढवळता ढवळता तो म्हणाला, "ही मुरायला वेळ लागतो. तोवर एवढं एकच कॉन्ट्रॅक्ट. परत आलो की ऑफिसातली नोकरी घेतो, कायमचा घरी. मग पहिली बाटली उघडू."

मी मागितलं नव्हतं, त्याने आपणहून सांगितलं. त्यामुळे मी ते पक्कं धरून बसले.

दोन-तीन दिवसांतच कंपनीचा फोन आला. जहाजावरचा इंजिनियर आजारी पडला होता, ताबडतोब निघायचं होतं. बॅग भरता भरता त्याने मला बादलीबद्दल सूचना दिल्या. उन्हाळा तिला चालत नाही. फार तापली तर चव बिघडते, म्हणून गार ठेव. बुडबुडे थांबले की बाटल्यांत भर, प्रत्येकीत सपाट चमचाभर साखर घाल, बूच ठोक आणि अंधारात ठेव. माझ्यासाठी काही सूचना नव्हत्या.

सिंगापुरात उन्हाळा नाही असा दिवस नसतो. मी बादली स्टोअररूममध्ये धुण्याच्या टबात ठेवली, टबात पाणी आणि फ्रिजमधला बर्फ, बादलीभोवती माझी जुनी सुती साडी ओली करून गुंडाळलेली, समोर टेबलफॅन. माठाला करतो तसंच. झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी होती, आतला वायू त्यातून बाहेर पडताना बुडुक असा आवाज व्हायचा. आधी मी दचकायचे. मग त्या आवाजाची सवय झाली, आणि मग मी दुपारी पाटावर बसून बादलीला पाढे ऐकवू लागले. एकोणतीस सत्ते दोनशे तीन. बुडुक. हसू येतं आता, पण तेव्हा घरात काहीतरी जिवंत होतं आणि त्याला माझी गरज होती, याचं मला फार बरं वाटायचं.

त्यातच संक्रांत आली. वर्षातून एकदाच भेटणाऱ्या इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाची त्या वर्षीची पाळी नेमकी माझ्याकडे. बिशानहून, बुकित पंजांगहून बायका आल्या, आणि एकीला वाण देते न देते तोच स्टोअररूममधून बुडुक. वॉशिंग मशीनचा पाइप तुंबलाय, असं मी कोणी विचारायच्या आतच सांगून टाकलं. चोराच्या मनात चांदणं. घरात आंबूस वासही होता, म्हणून मी मूठमूठ धूप जाळला होता आणि सगळ्या खोकत होत्या.

बिशानच्या काकू तेवढ्या फसल्या नाहीत. त्यांच्या यजमानांचंही आयुष्य जहाजावर गेलेलं, आता निवृत्त होऊन लेकाकडे राहायला आले होते. तिळगुळाचा डबा आत ठेवायला म्हणून त्या उठल्या आणि सरळ स्टोअररूममध्ये डोकावल्या. टब, साडी, पंखा बघून त्यांना हसू आवरेना. मी खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं, ऑफिसातल्या नोकरीचंही. इतक्या दिवसांत कोणाशी एवढं बोललेच नव्हते.

त्यांचं हसू गेलं. "अगं, आमचेही दर खेपेला पुढच्या खेपेनंतर म्हणायचे," त्या म्हणाल्या. "गुडघे गेले तेव्हा आले."

मला त्यांचा राग आला. सगळ्यांना आपल्याच मापाने मोजतात, असं वाटलं. तरी जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तो त्यांनी लवकर काढू नये असंही वाटलं.

बुडबुडे थांबले. बाटल्या भरायचा दिवस उजाडला. त्या जाड तपकिरी बाटल्या नवऱ्याने खालच्या कॉफीशॉपमधून जमवून ठेवल्या होत्या. त्या निर्जंतुक करायची पूड किटमध्ये होती, पण दमट हवेने तिचा दगड झाला होता, आणि तो मी आधीच कचऱ्यात टाकला होता. आता काय करायचं? आई करायची तेच मी केलं. लोणच्याच्या बरण्यांना आई हिंगाची धुरी द्यायची. निखाऱ्यावर हिंग टाकायचा, वर बरणी उपडी धरायची, की वर्षभर लोणच्याला बुरशी शिवत नाही. जे कैरीला चालतं ते बिअरला का चालू नये? निखारा कुठून आणणार, मी लोखंडी तवा तापवला, त्यावर चांगला सढळ हाताने हिंग टाकला आणि एकेक बाटली आधी उकळत्या पाण्याने धुऊन, सुकवून, त्या धुरावर उपडी धरली. चाळीसभर बाटल्या. वासाने शेजारच्या आँटीने दार लावून घेतलं. मग भरणं, साखर, बुचं. संध्याकाळी पलंगाखाली ओळीने मांडलेल्या बाटल्या बघून मला आईला फोन करावासा वाटला. पण सांगणार काय होते?

मग वाट बघणं. नवऱ्याचा फोन यायचा तो बंदराला लागल्यावर, मागे दुसऱ्यांच्या रांगेचा गोंगाट. बाटल्यांना ऊन लागू देऊ नकोस, हलवू नकोस, आडव्या ठेवू नकोस. उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. मी विचारायचे, ऑफिसातल्या नोकरीचं काय झालं. तो म्हणायचा, बोलतो. गणपतीच्या आत येणार होता, कॉन्ट्रॅक्ट लांबलं. काळी बिअर जितकी मुरेल तितकी छान होते, म्हणाला. मी म्हटलं, मी होत नाही. पण तोवर लाइन खरखरत होती, ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

दिवाळीच्या जरा आधी तो आला. मी चकल्या केल्या होत्या. आंघोळ करून तो जमिनीवरच बसला, पलंगाखालून एक बाटली काढली, बूच उघडलं. फस्स झालं, वर बदामी फेस आला. दिसायला इतकी सुंदर की मला माझाच अभिमान वाटला. आणि त्याच क्षणी खोलीभर हिंगाचा भपकारा सुटला.

त्याने घोट घेतला. आता बोलेल, कपाळाला हात लावेल, माझ्या आईच्या बरण्यांपर्यंत जाईल.

"छान झालीय," तो म्हणाला.

आणि प्यायला लागला. घोट घोट, हळूहळू, चकली मोडत, पूर्ण ग्लास. दुसऱ्याच्या घरी वाढलेलं पाहुणा संपवतो तसा. चकलीही छान म्हणाला. चकल्या त्या दिवशी मऊ पडल्या होत्या.

मी त्याच्या हातातून ग्लास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा बिअर तोंडाला लावली. कडू, आणि वर हिंग, जणू करपलेली फोडणी. हिला कोणी छान म्हणणं शक्य नव्हतं, माझ्या नवऱ्याने तर नाहीच.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," मी म्हटलं. "काय झालंय ते सांग."

त्याने खाली बघूनच सांगितलं. "ऑफिसातल्या जागेसाठी मला विचारलं होतं. मी नको म्हटलं."

कधी विचारलं होतं? गणपतीच्या आधी. घरी आठ दिवस झाले की आपलं काय करायचं ते त्याला कळत नाही, म्हणाला. इंजिनाचा आवाज नसला की झोप लागत नाही. माझ्यावर त्याचा काही राग नव्हता, माझ्यात काही कमी नव्हतं, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. कमी असतं तर बरं झालं असतं, भरून तरी काढता आलं असतं. मला रडू आलं नाही, संताप आला. बादलीपाशी बसून म्हटलेला एकेक पाढा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

दिवाळी आम्ही साजरी केली. तो सबंध सुट्टीभर माझ्याशी अतिशय नीट वागला, एकदाही कशाला नावं ठेवली नाहीत. ते दिवस मला सर्वांत जड गेले. मग तो गेला.

बाटल्या फेकून द्यायला मी एकदा पिशवी घेऊन बसले होते. हात धजेना, त्या मी केल्या होत्या. एका संध्याकाळी पाऊस कोसळत होता, खिडकीबाहेरच्या काठीवरचे कपडे आत घेतले, आणि का कोण जाणे, एक बाटली उघडली. हिंगाचा वास होता, पण मागे सरकला होता. आठवड्याने दुसरी उघडली. मग दोन-तीन दिवसांनी एकेक. फाल्गुनापर्यंत हिंग जवळजवळ विरून गेला आणि खालून दुसरंच काहीतरी वर आलं, भाजक्या गव्हाचं, कॉफीचं, शेवटी जिभेवर ताडगुळाचा गोडवा. मी पाटावर बसून ग्लास उजेडाला धरून बघायचे. कोणाला तरी सांगावं असं फार वाटायचं. बिशानच्या काकूंना फोनही लावला होता एकदा, पण त्यांनी उचलल्यावर मी तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला.

त्याच महिन्यात पुण्याच्या शाळेत मी विचारणा केली. जूनपासून या, म्हणाले.

पुढच्या बंदरातून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं, मी पुण्याला चालले आहे, फ्लॅट सोडतेय, तू सुट्टीत तिकडे यायचं असलं तर ये. मग त्याने विचारलं, "बाटल्यांचं काय केलंस?"

"संपल्या."

"कोणी संपवल्या?"

"मी."

मागे कोणीतरी त्याला आटपायला सांगत होतं.

"कशी होती?" त्याने विचारलं.

"छान झाली होती," मी म्हटलं. आणि मी ते खरंच सांगत होते.